इंटर्व्हल ट्रेनिंगबरोबर कोणती सप्लिमेंट्स घ्यावीत आणि कधी?

तुम्ही लिहिलंय की १५०० मीटरची शर्यत दहा आठवड्यांवर आहे, आठवड्यातून चार दिवस इंटर्व्हल (जोरात पळणं, मध्ये विश्रांती, पुन्हा जोरात) करताय, आणि कपाटात क्रिएटिन, बीटा-अलानिन, प्री-वर्कआउट (सरावाआधी घ्यायचं मिश्रण), बीसीएए (प्रथिनांमधली काही अमिनो आम्लं) आणि व्हिटॅमिन सी असे पाच डबे आहेत. आता यातलं काय कधी घ्यायचं, हा प्रश्न. माझं उत्तर तुम्हाला थोडं निराश करेल, कारण मला आधी त्या चार दिवसांबद्दलच बोलायचंय.

मी स्वतः ८०० आणि १५०० पळायचे. माझ्या वहीतलं एक पान अजून डोळ्यांसमोर आहे: ६ × ४००, म्हणजे ४०० मीटरचे सहा तुकडे, मध्ये एक मिनिट विश्रांती. वेळा ७४, ७४, ७५, ७८, ८१, ८३ सेकंद. मी ते पान सरांना दाखवलं आणि विचारलं, शेवटी दम पुरावा म्हणून काय घेऊ? त्यांनी पेन्सिलने तिसऱ्या आणि चौथ्या आकड्याच्या मध्ये एक रेघ मारली. म्हणाले, "इथपर्यंत तू इंटर्व्हल करत होतीस. पुढे नुसती दमत होतीस." पुढच्या आठवड्यात पहिला रेप, म्हणजे पहिला तुकडा, ७६ ला धरला, विश्रांती दोन मिनिटं केली, आणि सहाच्या सहा रेप ७५-७६ मध्ये बसले. काहीही न घेता.

तुमचे शेवटचे दोन रेप असेच घसरत असतील तर अडचण डब्यात नाही, वेळापत्रकात आहे. चार दिवस जोरात पळून कुठलाच दिवस खऱ्या अर्थाने जोराचा होत नाही. दोन दिवस ठेवा, फार तर तीन. बाकीचे दिवस बोलता बोलता पळता येईल इतक्या संथ गतीने काढा. नॉर्वेत २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बघा: चार मिनिटांचे चार तुकडे, कमाल हृदयगतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मध्ये तीन मिनिटं हलकं पळणं, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. त्या मुलांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी ७.२ टक्क्यांनी वाढली. ही मोजपट्टी वेगळी आहे हे खरं, पण चांगल्यातलं चांगलं सप्लिमेंट कामगिरीत एक ते तीन टक्के फरक पाडतं, आणि तोही प्रत्येकाला नाही.

आता डबे. कोणता उपयोगाचा, हे तुमचा रेप किती वेळ चालतो त्यावर ठरतं. हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो.

सहा ते दहा सेकंदांच्या स्प्रिंटमध्ये स्नायू मुख्यतः फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे त्यांच्यातच साठवलेल्या झटपट इंधनावर, चालतात. हा साठा चटकन संपतो. अर्धाअधिक अर्ध्या-एक मिनिटात परत भरतो, पण पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. क्रिएटिन हा साठाच मोठा करतं, म्हणून फुटबॉल, हॉकीसारख्या खेळांत, जिथे पुन्हा पुन्हा छोटे स्प्रिंट मारावे लागतात, तिथे ते खरोखर कामाला येतं. रोज ३ ते ५ ग्रॅम साधं मोनोहायड्रेट पुरे, सकाळी घेतलं काय नि संध्याकाळी घेतलं काय. आठवडाभर रोज २० ग्रॅमचं लोडिंग केलं तर परिणाम लवकर येतो एवढंच. रोज ३ ग्रॅमनेही साधारण चार आठवड्यांत स्नायू तितकेच भरतात. मात्र अंगात पाणी धरल्यामुळे वजन एक-दोन किलो वाढू शकतं. १५०० पळणाऱ्याने ते ओझं पावणेचार फेऱ्या वाहायचं! तुमच्या जागी मी असते तर तो डबा शर्यतीनंतर उघडला असता. आणि क्रिएटिन चालू असताना रक्ततपासणी केलीत तर डॉक्टरांना आधी सांगा. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (क्रिएटिनपासून बनणारा टाकाऊ पदार्थ, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम तपासतात) वाढलेलं दिसतं आणि मूत्रपिंडावर नाहक संशय येतो.

एक ते चार-पाच मिनिटांचा जोर लावला की पाय जड होतात, जळजळतात. स्नायूंमध्ये आम्लता वाढलेली असते. तुमची शर्यत याच टप्प्यातली, म्हणून तुमच्या पाचांतला खरा उमेदवार बीटा-अलानिन. ते स्नायूंमधलं कार्नोसिन नावाचं द्रव्य वाढवतं आणि कार्नोसिन ती आम्लता काही प्रमाणात झेलतं. पण ही दोन दिवसांची गंमत नाही. रोज ३.२ ते ६.४ ग्रॅम, किमान चार आठवडे. इंटर्व्हलच्या आधी एक स्कूप मारून उपयोग शून्य. एकदम घेतलं की चेहऱ्याला, हातांना मुंग्या येतात. घाबरू नका, आणि "लागू पडलं" असंही समजू नका. डोस लहान लहान करून दिवसभरात घ्या.

याच कामासाठी सोडियम बायकार्बोनेटही वापरतात, म्हणजे साधा खाण्याचा सोडा, किलोमागे ०.२ ते ०.३ ग्रॅम. तुम्ही विचारलं नाहीये, पण कोणीतरी तुम्हाला सुचवेलच म्हणून सांगते. मी एका चाचणी शर्यतीआधी सगळा डोस एका ग्लासात घोळवून घटाघटा प्यायले होते. तिसऱ्या फेरीत ट्रॅक सोडला तो थेट स्वच्छतागृहाच्या दिशेने, आणि त्या दिवसातला माझा सर्वात वेगवान तुकडा तोच असावा. करायचंच असेल तर थोडं थोडं, काहीतरी खाऊन, दीड-दोन तासांत विभागून, आणि आधी सरावाच्या दिवशी.

प्री-वर्कआउटमधला काम करणारा घटक बहुधा कॅफिन. किलोमागे ३ मिलिग्रॅम पुष्कळ झालं, म्हणजे ६० किलोला १८० मिलिग्रॅम, तासभर आधी. अडचण अशी की ते शरीरातून निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या १८० पैकी ९० मिलिग्रॅम रात्री अकरालाही अंगात आहे. इंटर्व्हलचा फायदा विश्रांतीत अंगात मुरतो, आणि तुम्ही नेमकी झोपच विकून टाकताय. त्यात "ब्लेंड" (मिश्रण) लिहिलेल्या डब्यात कॅफिन नक्की किती ते लिहिलेलं नसेल तर तो डबा बाजूलाच ठेवा. कॅफिन शर्यतीसाठी राखा, मधे एकदा सकाळच्या सरावात तपासून बघा.

बीसीएए: रोजच्या जेवणातून किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात जात असतील तर त्याची गरज नाही. पुढे.

व्हिटॅमिन सी निरुपद्रवी वाटतं ना? २०१४ साली, पुन्हा नॉर्वेतच, ५४ जणांवर ११ आठवडे प्रयोग झाला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि २३५ मिलिग्रॅम ई. ऑक्सिजन वापरण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच वाढली, पण गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंमध्ये मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशींमधले भाग) वाढल्याच्या खुणा तितक्या दिसल्या नाहीत. जोरदार सरावानंतर पेशींवर येणारा ताण हाच त्यांना वाढीसाठी मिळणारा निरोप असतो; गोळ्या घेऊन तो वाटेतच का अडवायचा? फळं खा, मोठ्या डोसच्या गोळ्या नकोत.

तुम्ही अधिकृत स्पर्धेत उतरणार असाल तर आणखी एक. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत १३ देशांतली ६३४ सप्लिमेंट्स तपासली होती. त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेले स्टेरॉइड गटातले पदार्थ सापडले. उत्तेजक चाचणीत "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही, जबाबदारी खेळाडूचीच. तेव्हा बॅच तपासल्याचं त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र असलेलंच घ्या. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कुठलाही डबा उघडण्याआधी डॉक्टर.

तुमच्या दहा आठवड्यांपैकी पहिले तीन मी काहीच न घेता काढले असते. फक्त वही: प्रत्येक रेपची वेळ, मधली विश्रांती, रात्रीची झोप. चौथ्यापासून बीटा-अलानिन, एवढंच. दोन गोष्टी एकाच आठवड्यात सुरू केल्या की फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

तुमच्या मागच्या सहा रेपच्या वेळा आणि मधली विश्रांती खाली लिहिलीत तर रेघ कुठे मारायची ते सांगू शकेन.