दुधाच्या दाढा आणि भुलीचा प्रश्न

वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यांची उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा असून त्याचे वजन १५ किलो आहे. त्याच्या आठपैकी सहा दाढा किडल्या आहेत आणि वरचे पुढचे दोन दात झिजून काळे पडले आहेत. गेल्या महिन्यात उजवीकडची खालची शेवटची दाढ रात्रभर ठणकली. येथील एका दवाखान्यात आम्ही चौघांनी त्याचे हातपाय धरले, तरी काम झाले नाही. आता नुसता पांढरा डगला दिसला तरी तो पळत सुटतो. छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी पूर्ण भूल देऊन सगळ्या दाढा एकाच वेळी नीट करण्याचा सल्ला दिला आहे. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात आहेत, आपोआप पडतील, एवढ्याशा लेकराला भूल कशाला? त्याला वरचेवर सर्दी होते आणि तो झोपेत घोरतो. आम्ही काय करावे?
— एक आई, सेलू (जि. परभणी)

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे पुढच्या दोन दातांपुरते बरोबर आहे. ते सहाव्या-सातव्या वर्षी पडतील, आणि तिथे दुखणे किंवा पू नसेल तर त्यांना फारसे न छेडता चालू शकते. दाढांचा हिशेब मात्र वेगळा आहे. दुधाच्या शेवटच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात, म्हणजे तुमच्या मुलाला त्यांच्यावर अजून सहा-सात वर्षे भाकरी चावायची आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. पुढची दुधाची दाढ त्याआधीच काढली गेली असेल, तर ही कायमची दाढ पुढे सरकून खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा अडवते.

त्यामुळे भुलीचा निर्णय घेण्याआधी कोणत्या दाढेला नेमके काय करावे लागणार आहे, हे एक्स-रे पाहून ठरवायला हवे. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नसेल, तर सुई आणि मशीन या दोन्हींशिवायही बरेच काही करता येते. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचे द्रावण लावले की बहुतेक वेळा कीड थांबते. तो भाग कायमचा काळा पडतो, पण दाढेत ते कोणाच्या नजरेस येत नाही. काही दाढांवर सुई न देता, न कोरता स्टीलची टोपी बसवता येते. जी दाढ रात्रभर ठणकली, तिच्या बाबतीत मात्र असे वरवरचे उपाय पुरणार नाहीत. कोणतेही कारण नसताना झोपमोड करणारी कळ बहुधा नस कायमची बिघडल्याची खूण असते, आणि तिथे नसेचा उपचार करणे किंवा दाढ काढणे हेच मार्ग उरतात.

‘गुंगी’ आणि ‘भूल’ हे शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली नायट्रस ऑक्साइडची, म्हणजे लाफिंग गॅसची. नाकावर छोटा मास्क ठेवून ऑक्सिजनबरोबर हा वायू देतात. मूल जागे राहते, बोलते, फक्त सैलावते, आणि वायू बंद केल्यावर काही मिनिटांत पूर्ववत होते. मात्र त्यासाठी मुलाने मास्क लावू द्यावा लागतो आणि नाकाने श्वास घ्यावा लागतो. रडत तोंडाने श्वास घेणाऱ्या, नाक चोंदलेल्या मुलाला त्याचा उपयोग होत नाही. दुसरी, तोंडाने द्यायच्या मिडाझोलामसारख्या औषधाची. तिचा उपयुक्त काळ थोडा असतो, एखाद-दुसऱ्या दाढेच्या कामापुरता. काही मुले तर झोपाळण्याऐवजी उलट चवताळतात. तिसरी पूर्ण भूल. यात मूल गाढ झोपते, श्वासनलिकेत नळी घातलेली असते आणि सगळ्या दाढा एकाच बैठकीत होतात.

आता तुमच्या मुलाचे वजन पाहा. दाढ बधिर करण्याच्या लिग्नोकेनच्या इंजेक्शनची कमाल मात्रा दर किलो वजनामागे ४.४ मिलिग्रॅम धरतात. १५ किलोला ती ६६ मिलिग्रॅम होते, आणि २ टक्क्यांच्या औषधात हे झाले सुमारे ३ मिलिलिटर. एवढ्याशा औषधात तोंडाच्या चारही बाजू एका वेळी बधिर करता येत नाहीत. म्हणजे जागेपणी काम करायचे तर तीन-चार फेऱ्या, आणि तेही जे मूल दाराशीच पळ काढते त्याच्याकडून. हातपाय धरून काम उरकणे मीही उमेदवारीच्या काळात केले आहे. दाढ भरली जाते, पण मूल पुढची दहा वर्षे दवाखान्याची पायरी चढत नाही. सहा दाढा, साडेचार वर्षांचे वय आणि आधीचा हा अनुभव पाहता तुम्हाला मिळालेला सल्ला मला अवाजवी वाटत नाही.

खरी अडचण घोरण्याची आहे. टॉन्सिल किंवा अॅडिनॉइड (नाकामागची ग्रंथी) वाढल्यामुळे श्वासमार्ग अरुंद असेल, तर भुलीत तो आणखी मिटू शकतो. अशा मुलाला साध्या दवाखान्यात खुर्चीवर गुंगीचे औषध पाजण्यापेक्षा रुग्णालयात भूलतज्ज्ञाच्या हाती नळी घालून दिलेली पूर्ण भूल पुष्कळदा अधिक सुरक्षित ठरते, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे. तो गाढ झोपेत असताना मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करा. छाती हलते आहे पण आवाज थांबला आहे, मग एकदम हिसका देऊन श्वास येतो, असे दिसत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा आणि ते चित्रण भूलतज्ज्ञालाही दाखवा. ताजी सर्दी किंवा खोकला असेल, तर काम काही आठवडे पुढे ढकलावे लागेल; ठरलेली तारीख मोडवत नाही म्हणून सर्दी लपवू नका.

रुग्णालयाला एक प्रश्न अवश्य विचारा : डॉक्टर दाढेत पाहत असतील, तेव्हा माझ्या मुलाच्या श्वासाकडे कोण पाहणार? ज्याचे दुसरे काही काम नाही असा भूलतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित माणूस, शेजारी ऑक्सिजन आणि श्वास देण्याची साधने, बोटाला पल्स ऑक्सिमीटर आणि गाढ भुलीत श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र, यांपैकी एक जरी नसेल तर तिथून परत या. घरून निघताना झोपेचे कोणतेही औषध पाजू नका. प्रवासात गुंगलेल्या मुलाचा श्वास अडखळला तर गाडीत कोणी काही करू शकत नाही.

उपाशीपोटाचा नियम बहुतेक प्रवासातच मोडतो. दूध आणि हलके खाणे सहा तास आधी, तळलेले किंवा जड जेवण आठ तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करायचे असते. चहा दुधाचा असतो, म्हणून तोही दुधातच धरा. सकाळी आठची वेळ असेल तर दूध रात्री दोननंतर नाही. पहाटेच्या रेल्वेत लेकरू रडते म्हणून आजी पिशवीतला बिस्किटाचा पुडा फोडते आणि तिकडे शस्त्रक्रिया रद्द होते. शक्यतो आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्कामाला जा. परतताना एका मोठ्या माणसाने केवळ मुलाकडे पाहत बसावे; गुंगीत मान छातीवर पडली तर श्वास कोंडतो.

भुलीने मेंदूवर परिणाम होतो का, ही भीती बहुतेक पालकांना असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिलेला इशारा तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून अधिक काळ दिलेल्या भुलीबद्दल होता. तुमचा मुलगा त्या वयापुढे गेला आहे आणि अशा कामाला बहुधा तितका वेळ लागत नाही. मात्र रात्री झोपताना साखरेचे दूध चालूच राहिले, तर दोन वर्षांनी दुसऱ्यांदा भूल देण्याची वेळ येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तोवर दुखल्यास वजनानुसार पॅरासिटामॉल द्या. लवंग तेलाचा बोळा ठेवू नका, त्याने हिरडी पोळते. गालावर सूज, ताप किंवा गिळायला त्रास झाला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात बालदंतरोग विभागाकडे चौकशी करा.

प्रश्न : आमच्या आठ वर्षांच्या मुलीची एकच दाढ भरायची आहे. ती सुईला फार घाबरते. शेजारच्या मुलाला झोपवून काम केले, तसे करावे का?
— एक वडील, औसा (जि. लातूर)

उत्तर : नको. आठ वर्षांची मुलगी समजावून सांगितलेले ऐकू शकते आणि एका दाढेसाठी झोपवण्याचे कारण नाही. सुई टोचण्याआधी हिरडीला बधिर करणारी जेली एक-दोन मिनिटे लावली, तर टोचणे बरेच कमी जाणवते. तिला ‘सुई दुखणारच नाही’ असे खोटे सांगू नका आणि ‘ऐकले नाहीस तर सुई देईन’ असे घरी कधी म्हणू नका. त्यानेही भागले नाही, तर लाफिंग गॅसचा विचार करता येईल. पहिल्या भेटीत दाढेला हात न लावता फक्त खुर्ची वर-खाली करून आणि पाण्याची पिचकारी तिच्या हातात देऊन परत पाठवा, असे डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका.