‘इनारी’ : पिकतं ते भात

प्रश्न : क्योतोतल्या फुशिमी इनारी देवस्थानाला कुणी ‘तांदळाच्या देवीचं मंदिर’ म्हणतं, कुणी ‘कोल्ह्याचं’. ‘इनारी’चा नेमका अर्थ काय?

कोल्हा नक्कीच नाही. तो इनारीचा दूत. देवळासमोरच्या मूर्तींत त्याच्या तोंडात कधी भाताची लोंबी असते, कधी कोठाराची किल्ली. आणि ‘तांदूळ’ही मला पटत नाही.

जपानीत शेतातलं पीक ते ‘इने’, टरफल काढलेला दाणा ‘कोमे’ आणि शिजलेलं अन्न ‘गोहान’. आपल्याकडे साळ, तांदूळ, भात. कोकणात तर एकाच शब्दाचं लिंग बदलून हे काम होतं : ‘यंदा भात चांगलं आलं’ आणि ‘भात शिजला’. इनारीतलं भात हे नपुंसकलिंगी, शेतात डुलणारं.

‘इनारी’ची पारंपरिक फोड ‘इने-नारी’, म्हणजे भात उगवणं, पिकणं. (आपल्या ‘नारी’शी संबंध नाही.) यामाशिरो (क्योतो ज्यात येतं तो जुना प्रांत) प्रांताच्या प्राचीन वृत्तांतात कथा आहे : हाता घराण्यातल्या धनाढ्य इरोगुने मोची, म्हणजे कुटलेल्या भाताचा गोळा, नेम धरायला ठेवून बाण मारला. मोचीचा पांढरा पक्षी झाला, डोंगरमाथ्यावर जाऊन बसला आणि तिथे भात उगवलं. शिजलेलं अन्न मस्तीत वाया घालवलं, ते पुन्हा पीक होऊन उभं राहिलं! देवस्थानाची स्थापना इ. स. ७११ची मानतात.

समासात ‘इने’चं ‘इना’ होतं, जसं आपलं ‘घोडा’ आणि ‘घोडदौड’. मला सर्वांत आवडतो तो ‘इनाझुमा’. अर्थ वीज, पण शब्दशः ‘भाताची जोडीदार’. वीज चमकली की लोंबीत दाणा भरतो, अशी जुनी समजूत. लिहिताना इनारीचं पहिलं चिन्ह भाताचं आणि दुसरं ओझ्याचं. डोक्यावर भाताचा भारा घेतलेलं माणूस पाहिलेल्याला ते वेगळं समजवावं लागत नाही.

‘देवी’ऐवजी ‘देवता’ लिहावं. इनारी कुठे स्त्रीरूपात, कुठे दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या रूपात दिसते. पुढे व्यापाऱ्यांनीही तिला आपलंसं केलं, म्हणून ‘भातपिकाची आणि भरभराटीची देवता’ हे मला योग्य वाटतं.

‘इनारीझुशी’ हा पदार्थ मात्र कोल्ह्याकडून आला. त्याला तळलेला टोफू आवडतो म्हणतात, म्हणून टोफूच्या पिशवीला इनारीचं नाव. तिच्या आत असतो तो शिजलेला, पुल्लिंगी भात.