रिझल्ट म्हणजे नेहमी निकाल नव्हे
अनुवादाला नुकतीच लागली आहेस म्हणून सांगते, 'रिझल्ट' दिसला की लगेच 'निकाल' लिहू नकोस. बारावीचा लागतो तो निकाल. कच्च्या रंगामुळे सोलापुरी चादर पहिल्याच धुण्यात फिकी पडली, तर तो परिणाम. मूळ लॅटिन क्रियापद 'रेसुल्तारे', म्हणजे उसळून मागे येणं. 'रे' मागे, 'साल्तारे' उड्या मारणं. भिंतीवर आपटून परतणारा चेंडू डोळ्यांपुढे आण. 'इन्सल्ट'सुद्धा त्याच घरातला, मुळात अंगावर उडी घेणं! हे कळलं तेव्हा मला दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं. आपला 'परिणाम' मात्र 'नम्' म्हणजे वाकणे या धातूचा, त्यात उडी नाही, बदलत जाणं आहे. वाक्यात आधी कारण शोध, मग शब्द निवड.