अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल : प्रशिक्षक उत्तर का देत नाहीत?

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात नववीत शिकते आणि कामठीच्या एका क्लबकडून फुटबॉल खेळते. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या महिला संघाच्या प्रशिक्षकांना तिने आपल्या खेळाची चित्रफीत ईमेलने पाठवली. उत्तरादाखल केवळ एक ठरीव प्रश्नावली आली. येथील एक सल्लागार पूर्ण शिष्यवृत्ती मिळवून देण्याची हमी देतात आणि मोबदला म्हणून शिष्यवृत्तीच्या रकमेतील काही टक्के मागतात. हे नियमात बसते का?
— एक पालक, नागपूर

उत्तर : प्रश्नावली आली, यावरून प्रशिक्षकांनी नियम पाळला एवढेच समजावे, त्यात नकार शोधू नये. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीतील (डिव्हिजन वन) सॉकर, म्हणजे आपल्या फुटबॉलच्या, प्रशिक्षकांना खेळाडूचे दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी तिच्याशी संघातील निवडीविषयी फोनवर, ईमेलने किंवा समोरासमोर बोलता येत नाही. प्रश्नावली आणि शिबिराचे माहितीपत्रक मात्र पाठवता येते. बंधन प्रशिक्षकांवर आहे, मुलीवर नाही. तिने प्रश्नावली नीट भरून पाठवावी, अधूनमधून नवी चित्रफीत पाठवत राहावे आणि त्या १५ जूननंतर पुन्हा लिहावे. अकरावीच्या वर्षातील १ ऑगस्टपासून विद्यापीठ स्वखर्चाने तिला भेटीला बोलावू शकते. शिष्यवृत्तीचा लेखी प्रस्ताव मात्र बारावीच्या वर्षातील १ ऑगस्टपूर्वी देता येत नाही. त्याआधी मिळालेला तोंडी शब्द दोन्ही बाजूंपैकी कोणालाही बांधत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर इथल्या प्रवेशाचे प्रयत्न सोडू नयेत.

सल्लागारांची मागणी नियमात बसत नाही. चित्रफीत तयार करणे, विद्यापीठांना माहिती पाठवणे अशा कामांसाठी ठरलेले शुल्क घेता येते. परंतु ते शिष्यवृत्ती मिळण्यावर किंवा तिच्या रकमेवर अवलंबून ठेवले, तर मुलीच्या पात्रतेवरच गदा येऊ शकते. म्हणजे करार करणार सल्लागार आणि भोगणार खेळाडू, हे मला फार अन्यायकारक वाटते. म्हणूनच असा कागद सहीसाठी पुढे आला, तर स्पष्ट नकार द्यावा. हे नियम कागदापुरते नाहीत. खेळाडूंना गुपचूप पैसे दिले जात असल्याचे पुन्हा उघड झाल्यावर सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल संघाचा १९८७ चा संपूर्ण हंगाम एनसीएएने रद्द केला होता.

पूर्ण शिष्यवृत्तीची हमी तर कोणीच देऊ शकत नाही. तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, आणि पहिल्या श्रेणीत असूनही आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड, येल यांसारखी आठ जुनी खासगी विद्यापीठे ती देत नाहीत. महिला सॉकर संघासाठी पूर्वी १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती व प्रशिक्षक ती रक्कम अनेक खेळाडूंत विभागून देत. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत ही मर्यादा जाऊन संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू असा नियम आला. त्यांपैकी किती जणींना किती मदत द्यायची, हे त्या विद्यापीठाच्या तिजोरीवर ठरते. सल्लागार अजूनही ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’वर, म्हणजे खेळाडूला एका विद्यापीठाशी बांधणाऱ्या करारपत्रावर, सही करून देऊ असे म्हणत असतील, तर त्यांची माहिती जुनी आहे, १९६४ पासूनची ती पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पहिल्या श्रेणीसाठी नववी ते बारावी या चार वर्षांतील इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे अशा १६ मूलभूत अभ्यासक्रमांत अमेरिकी चार गुणांच्या श्रेणीपद्धतीनुसार किमान २.३ सरासरी लागते. आपल्याकडे नववीला दहावीची पूर्वतयारी मानून तिच्या गुणांकडे दुर्लक्ष होते. एनसीएएकडे मात्र त्याच गुणांपासून हिशेब सुरू होतो. एनसीएएने २०२३ पासून प्रवेश परीक्षेच्या गुणांची अट काढली असली, तरी एखादे विद्यापीठ स्वतःच्या प्रवेशासाठी ते मागू शकते. नववीची मूळ गुणपत्रिका जपून ठेवावी आणि एनसीएएच्या पात्रता केंद्राच्या संकेतस्थळावर मुलीचे विनाशुल्क प्राथमिक खाते आताच उघडावे.