काडतुसाचा गुण : अनुभव, दाखला, पुरावा की प्रमाण?

वाळपईच्या एका वाचकांचा प्रश्न : "बारा बोरच्या (बारीक छर्रे उडवणाऱ्या बंदुकीच्या) काडतुसांची चर्चा निघाली की एक म्हणतो 'माझा अनुभव हाच पुरावा', दुसरा खोक्यावरचा आकडा दाखवतो, तिसरा 'दाखला द्या' म्हणतो. यातला बरोबर शब्द कोणता?"

या शब्दांचं वजन सारखं नाही. 'दाखला' म्हणजे घडलेलं एखादं उदाहरण, नाहीतर अधिकाऱ्याने सही करून दिलेला कागद. मामलेदाराकडचा 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला गोव्यात कुणाला माहीत नाही? एका बाराने लांबचा डबा उडाला, हा दाखला झाला. 'पुरावा' मात्र लगेच 'कशाचा?' असं विचारायला लावतो, आणि निम्मे वाद इथेच मिटतात. 'हे काडतूस भारी' म्हणजे छर्रे दाट पडतात, वेग जास्त आहे, की बार वाया जात नाही? दावे तीन, म्हणून पुरावेही तीन. (काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून आला. गोळी किंवा छर्रे हा त्याचा एक भाग. बोलताना गोळीला काडतूस आणि काडतुसाला गोळी म्हटलं की दावा कशाबद्दल आहे तेच कळेनासं होतं.)

छर्ऱ्यांच्या दाटपणासाठी मला 'प्रमाण' हाच शब्द सगळ्यांत नेमका वाटतो. 'प्र' आणि मोजणे या अर्थाचा 'मा' धातू यांतून तो झाला, म्हणून मराठीत प्रमाण म्हणजे पुरावाही आणि गुणोत्तरही. इथे तर गुणोत्तर हाच पुरावा असतो. नेमबाजीच्या मान्य रेंजवर 40 यार्डांवर (सुमारे 36.5 मीटर) चारेक फूट रुंद कोरा कागद ताणून लावायचा, त्यावर एकच बार टाकायचा. छर्रे सगळ्यांत दाट पडले असतील त्या जागेभोवती, बार टाकल्यानंतर, 30 इंच व्यासाचं वर्तुळ काढून आतली भोकं मोजायची. काडतुसातल्या एकूण छर्ऱ्यांपैकी किती टक्के आत आले ते प्रमाण. चोक म्हणजे नळीचं तोंड टोकाशी किती आवळलेलं आहे ते. फुल चोकला साधारण 70, हाफला 60, साध्या नळीला 40 टक्के धरतात.

चूक होते ती 'एकूण' या शब्दात. 6 नंबरचे (नंबर म्हणजे छर्ऱ्याचा आकार) छर्रे इंग्रजी मापाने औंसाला सुमारे 270 बसतात, अमेरिकी मापाने सुमारे 225. सव्वा नव्हे, 1 पूर्णांक 1/8 औंसाचं काडतूस घ्या आणि वर्तुळात 180 भोकं आली असं धरा. इंग्रजी मापाने एकूण 304, म्हणजे 59 टक्के. अमेरिकी मापाने 253, म्हणजे 71. कागद तोच, पण एक जण हाफ चोक म्हणेल आणि दुसरा फुल. म्हणून नंबराबरोबर माप कुठलं तेही लिहावंच लागतं.

एका कागदावर निकाल देऊ नये. त्याच नळीतून, त्याच दिवशी, तुलनेतल्या दोन्ही काडतुसांचे आलटून पालटून प्रत्येकी 10 बार हवेत, दर वेळी नवा कागद. आधी एकाचे सगळे आणि मग दुसऱ्याचे सगळे टाकले तर मधे वाढलेला वारा आणि तापलेली नळी यांचं श्रेय काडतुसाला जातं. पावसाळ्यात आपल्याकडे कागद ओलावून सैल पडतो, भोकं फाटून एकमेकांत मिसळतात. तो कागद मोजणीतून बाद. न आवडलेला कागद मात्र बाद करता येत नाही.

खोक्यावरचा वेग हे न्यायशास्त्राच्या (जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या) भाषेत 'शब्द' प्रमाण, म्हणजे जाणकाराच्या सांगण्यावरून मानलेलं. ते टाकाऊ मुळीच नाही, पण तो आकडा चाचणीच्या नळीचा आहे. तुमच्या नळीतून वेग किती निघतो ते वेगमापकच सांगेल.

'प्रूफ' हा शब्दही इथे फसवतो. नळीवरच्या प्रूफच्या खुणेचा अर्थ एवढाच, की नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार तिच्यातून टाकून ती तपासली आहे. ती नळीच्या ताकदीचा पुरावा आहे. छर्रे कसे पडतात याच्याशी तिचा संबंध नाही.

तेव्हा 'माझा अनुभव हाच पुरावा' याऐवजी अनुभव सांगणाऱ्याने 'माझी साक्ष' म्हणावं. साक्षीला उलटतपासणी असते आणि त्यात कमीपणा नाही. प्रमाण द्यायचं तर वाक्य असं हवं : "या नळीतून, या चोकने, 40 यार्डांवर, 10 बारांत सरासरी इतके टक्के, सगळ्यांत कमी इतके, सगळ्यांत जास्त इतके, छर्ऱ्यांचं माप इंग्रजी."