कम्युनियन म्हणजे प्रसाद का?

प्रश्न असा आहे: सोलापुरातली एक ख्रिस्ती मैत्रीण कधी 'कम्युनियन' म्हणते, कधी 'प्रभुभोजन'. दोन्ही एकच का? आणि त्याला 'प्रसाद' म्हटलं तर चालेल का?

विधी एकच: येशूनं शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा. प्रॉटेस्टंट मंडळींत 'प्रभुभोजन' हा शब्द रुळलेला आहे. कॅथलिकांकडे तो मिस्साचा, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेचा भाग असतो. भाकर आणि द्राक्षरस ख्रिस्ताचं शरीर नि रक्त खरोखरच होतात, अशी कॅथलिक श्रद्धा. बऱ्याच प्रॉटेस्टंटांचा भर 'माझ्या स्मरणार्थ हे करा' या येशूच्या शब्दांवर.

'प्रसाद' मला अपुरा वाटतो. प्रसाद घरी नेऊन एकट्यानं खाल्ला तरी तो प्रसादच. इथे एकत्र असणं हाच अर्थाचा गाभा आहे. आजाऱ्याच्या खाटेशी भाकर नेतात, तीसुद्धा तो मंडळीपासून तुटू नये म्हणून.

कम्युनियनमध्ये 'युनियन' आहे, असं अनेकांना वाटतं. पण मूळ लॅटिन 'कोम्युनिस', म्हणजे सामाईक. चाळीतल्या 'कॉमन नळा'तला कॉमन तिथूनच आला. नळ कुणा एकाचा नाही, पाणी सगळ्यांचं. बायबलात प्रेषित पौलानं करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय 10) ग्रीक शब्द आहे 'कोइनोनिया', त्याचाही अर्थ हाच. भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर, असं तो तिथे म्हणतो. मराठीत याला 'सहभागिता' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण स्पर्धेतल्या 'सहभागा'मुळे जरा पातळ झालाय. इथे भाग घेणं नाही, वाटा असणं आहे.

त्यापेक्षा मराठी बायबलातलं 'भाकर मोडणे' मला फार आवडतं. चपाती आपण तोडतो, भाकरी मोडतो. त्यात आपली सोलापुरी कडक भाकरी म्हणजे पापडासारखी! हातात धरून दाबली की कट्‌कन आवाज होतो, तुकडे ताटभर पडतात, आणि ज्याच्या हाताला जो येईल तो त्याचा. येशूच्या त्या शेवटच्या, वल्हांडण या यहुदी सणाच्या जेवणातली भाकर बेखमीर, म्हणजे न आंबवलेली होती. आपली ज्वारीचीही तशीच. चर्चमधली भाकर गव्हाची असते, हे खरं. पण पाळक सगळ्यांसमोर ती मोडतात तेव्हा मला आजीच्या हातचा तोच आवाज आठवतो.

मैत्रिणीशी बोलताना 'प्रभुभोजन' खुशाल म्हणा. क्रियापद मात्र 'घेणे': प्रभुभोजन घेतात, जेवत नाहीत.