पाल अंगावर पडली म्हणे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

विमा कंपनीसाठी तू केलेल्या अपघाताच्या गाडीच्या सर्व्हे रिपोर्टचा मसुदा वाचला. फोटो नेटके आहेत, गॅरेजचं एस्टिमेटही बारकाईनं तपासलं आहेस. पण 'चालकाचे कथन हास्यास्पद असून विश्वासार्ह वाटत नाही' हे वाक्य आधी खोड. एकोणीस वर्षांचा पोरगा सांगतो, सन-व्हायझर, म्हणजे काचेवरची उन्हाची झडप, खाली ओढला, पाल अंगावर पडली आणि गाडी दुभाजकावर गेली. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यावरून काय धुमाकूळ चाललाय ते तूच फोनवर हसत हसत सांगितलंस. 'पालीवर गुन्हा दाखल करा' वगैरे. लोकांनी खुशाल हसावं. त्यांना रिपोर्टवर सही करायची नसते.

मी आयुष्यभर क्लेम फॉर्म वाचत आलो. त्यातला सर्वांत लाडका प्राणी म्हणजे कुत्रा. 'अचानक कुत्रे आडवे आल्याने' ही ओळ इतकी सरावाची झालीय की लिहिणारा विचार करत नाही आणि वाचणारा तर नाहीच नाही. ते कुत्रं कुठून आलं, कुठे पळालं, बंपरला एखादा केस तरी चिकटलाय का, हे विचारणारे मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. ज्याला थाप मारायचीच आहे तो कुत्रा निवडतो, पाल नाही. अर्थात तेवढ्यावरून पाल खरी ठरत नाही. पण विचित्र म्हणून खोटं आणि नेहमीचं म्हणून खरं, हे दोन्ही हिशेब सारखेच कच्चे.

बडोद्याचं प्रकरण आठवत असेल. मार्च २०२५, होळीची रात्र, कारेलीबागेत एका तरुणाच्या गाडीनं दुचाकीवरच्या लोकांना उडवलं, एक बाई जीवानिशी गेली. नंतर त्यानं बातमीदारांना सांगितलं की खड्ड्यापाशी वळताना गाडी स्कूटरला लागली, एअरबॅग उघडली आणि पुढचं दिसेनासं झालं. लोकांनी ते उडवूनच लावलं. अपघातानंतर तो रस्त्यावर ओरडतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कोण असणार? दोष कोणाचा ते कोर्ट ठरवेल. आपण त्या वाक्यातला क्रम पाहायचा, कारण क्रम तपासता येतो. समोरची एअरबॅग जोराचा दणका बसल्यावर उघडते, डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि लगेच मागच्या भोकांतून हवा सोडून लोंबायला लागते. नुसतं घासल्यानं ती सहसा उघडत नाही. मग एवढा दणका पहिल्यांदा कशावर बसला, तेव्हा वेग किती होता आणि त्या धडकेनंतर गाडी किती लांब गेली? नव्या बऱ्याच गाड्यांत एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेआधीच्या काही सेकंदांतला वेग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांची नोंद राहते. उत्तर शोधायचं ते अशा जागी.

याच्या उलटही घडतं. अमेरिकेत टेक्ससमध्ये २००४ साली एकवीस वर्षांची एक मुलगी गाडी चालवत होती. गाडी रस्ता सोडून झाडावर गेली, शेजारी बसलेला तिचा होणारा नवरा जागीच गेला. रस्त्यावर ब्रेक मारल्याच्या खुणा नाहीत, तिला काय झालं ते सांगता येईना, त्यात रक्तामध्ये मन शांत करायच्या गोळीचा अंश सापडला. झालं, सगळं जुळलं! तिनं गुन्हा कबूल केला आणि 'मीच मारलं' हे ओझं दहा वर्षं वाहिलं. २०१४ मध्ये जनरल मोटर्सनं लाखो गाड्या परत बोलावल्या. त्यांचं इग्निशन स्विच ढिलं होतं. चालत्या गाडीत किल्ली आपसूक मागे फिरायची, इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि एअरबॅगही निकामी. तिची गाडी त्यातलीच होती. कोर्टानं तिला दोषमुक्त केलं. भरपाईसाठी नेमलेल्या निधीनं पुढे १२४ मृत्यू त्या स्विचच्या खात्यावर मांडले. तिनं त्या वेळी 'किल्ली आपोआप फिरली' असं म्हटलं असतं तर लोक किती हसले असते, याचा विचार कर.

अशा कथनांची आणखी एक जात आहे, ती सर्वांत अवघड. माणूस खोटं बोलत नसतो, पण सांगतो ते घडलेलं नसतं. ऑडी ५००० गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशी अमेरिकेत १९८० च्या दशकात ओरड झाली. तिथल्या सरकारी अभ्यासाचा १९८९ चा निष्कर्ष असा की बहुतेक वेळा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. चालक मात्र शपथेवर सांगत होते की आम्ही ब्रेकच दाबला. त्यांना खरंच तसं वाटत होतं. म्हणून चालकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, अवतरणात लिही, आणि गाडी काय सांगते ते वेगळं लिही. दोन्हींची खिचडी करू नकोस.

आता आपली पाल. पोरी, खरं तर त्या मुलाला पालीची गरजच नव्हती. गाफीलपणानं गाडी ठोकली म्हणून कोणी ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, क्लेम नाकारत नाही. लायसन्स नसणं, दारू पिऊन चालवणं, खासगी गाडी भाड्यानं फिरवणं, क्लेम अडतो तो अशा गोष्टींवर. म्हणजे पाल खोटी असेल तर ती बापासाठी रचलेली असणार, कंपनीसाठी नाही. खरीही असू शकते. डाव्या हातानं झटकताना उजवा हात स्टिअरिंग खाली ओढतो, गाडी उजवीकडे जाते, आणि दुभाजक उजवीकडेच आहे.

पण फॉर्मवर वेळ रात्री साडेअकराची आहे. रात्री व्हायझर कशाला ओढला? हसण्याच्या नादात हा प्रश्न तू विचारलाच नाहीस. कदाचित पार्किंगची पावती तिथे खोचलेली असेल. विचार, आणि व्हायझरमागे काय आहे ते स्वतः बघ.

त्याहून महत्त्वाचा तुझा सातवा फोटो. मुलगा सहा फुटांचा आहे असं तूच म्हणालीस. फोटोत ड्रायव्हरची सीट इतकी पुढे ओढलेली आहे की त्याचे गुडघे डॅशबोर्डला लागले असते. टो करणाऱ्यानं किंवा गॅरेजच्या पोरानं गाडी आत घेताना हलवली असेल, आधी त्या दोघांना विचार. त्यांनी हलवली नसेल तर घरात आणखी कोण गाडी चालवतं आणि त्यांच्याकडे लायसन्स आहे का, हे बघावं लागेल. हे मुलाला एकट्याला बोलावून विचार, वडील शेजारी बसलेले नकोत. तोवर डेंटरला सीटला हात लावू देऊ नकोस.

तुझे,
काका